उठवू नका

योगाच्या बाई दुकानापर्यंत धावत आल्या तेव्हा त्यांच्या पायात चपला नव्हत्या. गादीवाला मांडी घालून गादीला टाके घालत होता. त्याने आधी त्यांचे पाय पाहिले, मग चेहरा, आणि हातातलं दाभण गादीत तसंच खुपसून उठला.

"काय झालं?"

"चला," बाई म्हणाल्या.

वर्गात डॉक्टर येऊन बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली. गादीवाल्याची बायको चटईवर उताणी होती, हात बाजूला, तळवे वर. अंगावर कुणीतरी गळ्यापर्यंत चादर घातली होती.

"शेवटी शवासन असतं," बाई म्हणाल्या. "सगळ्या उठल्या, या उठल्या नाहीत. मला वाटलं, डोळा लागला. मीच म्हटलं, उठवू नका. पंखा कमी केला, चादर घातली. त्यांची झोपमोड नको म्हणून आम्ही सगळ्या हळू बोलत होतो हो!"

"उठवून उपयोग नव्हता," डॉक्टर म्हणाले. "क्षणात झालं सगळं."

गादीवाल्याने चादर जरा नीट केली. "झोपू दिलंत, बरं केलंत," तो बाईंना म्हणाला. "घरी कुणी झोपू देत नव्हतं."

थोड्या वेळाने घर माणसांनी भरलं. मेहुण्याने, तिच्या धाकट्या भावाने, त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"दाजी, मौलवीसाहेब येताहेत. कशी गेली, विचारतील. दवाखान्यात गेली म्हणायचं."

"दवाखान्यात कुठे गेली?"

"अहो, म्हणायचं! योगाच्या वर्गात गेली म्हटलं तर लोक काय म्हणतील? आणि त्या आसनाचं नाव तरी काय! आपाला मी हजारदा सांगितलं, हे दुसऱ्यांच्या देवधर्मातलं आहे, आपल्याला चालत नाही. ऐकेल तर शपथ."

ऐकलं नव्हतंच तिने. शेजारणी चिडवायच्या, गादीवाल्याची बायको आणि जमिनीवर पडायला वर्गात जाते! ती म्हणायची, "दिव्याखाली अंधार, बायांनो. ह्यांच्या एका गादीने माझी पाठ सुधारली नाही." हाच भाऊ एकदा तणतणला होता, नमाजात वाकतेस ते कमी पडतं का म्हणून. तेव्हा ती शांतपणे म्हणाली होती, "वाकते कुठे? वाकता येत नाही म्हणून तर जाते."

मौलवी आले. वयाने थकलेले होते, भिंतीचा आधार घेत खाली बसले. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "कशा गेल्या?"

मेहुण्याने तोंड उघडलं, पण त्याआधीच गादीवाला बोलला.

"योगाच्या वर्गात."

मेहुणा खाली बघू लागला.

"माझ्या वर्गात," दारातल्या बायकांमधून योगाच्या बाई म्हणाल्या. "पण आम्ही ओंकार म्हणायचो तेव्हा त्या गप्प असायच्या. सूर्यनमस्कारांना तर सरळ बाजूला जाऊन बसायच्या. मी एकदा म्हटलं, अहो, हा नुसता व्यायाम आहे. तर म्हणाल्या, असू दे. माझं डोकं एकाच ठिकाणी टेकतं. बाकी पाठ तुम्ही हवी तशी वाकवा."

कुणालातरी हसू आलं. त्याने ते खोकल्यात दडवलं.

"टेकत नव्हतं," गादीवाला म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. एवढ्या माणसांत बोलायची त्याला सवय नव्हती. तो मौलवींच्या पायांकडे बघत बोलला.

"डोकं टेकत नव्हतं. पाठीमुळे सगळी नमाज खुर्चीवर बसून. या बाईंकडे जायला लागली, आणि मग एका पहाटे मी बघतो तर खुर्ची रिकामी आणि ही सजद्यात. कपाळ जमिनीला लागलेलं. मला वाटलं, पडली. धावत गेलो, खांद्याला धरून उठवायला लागलो. नमाज झाल्यावर केवढी चिडली माझ्यावर! म्हणाली, उठवता कशाला? किती दिवसांनी पोचले होते."



"मग चालतं म्हणायचं का, मौलवीसाहेब?" मेहुण्याने विचारलं. त्याचा आवाज आता खाली आला होता. "का नाही चालत?"

"आधी त्यांना माती देऊ," मौलवी म्हणाले. "असं उठता बसता सांगून टाकायची गोष्ट नाही ही." मग त्यांनी गादीवाल्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्ही या एखाद्या दिवशी. मी पुस्तकं बघून ठेवतो. बसून नीट सांगेन, जे असेल ते."

त्याने मान डोलावली.

माती झाली. माणसं आपापल्या घरी गेली. दुकान पुन्हा उघडलं. मशीद तिथून हाकेच्या अंतरावर आहे आणि मौलवी जाता येता थांबतात. एकदा तर पायरीवर येऊन बसले होते. त्याने पाणी दिलं, तब्येत विचारली, आणि पुन्हा टाके घालायला घेतले. मौलवी थोडा वेळ सुईकडे बघत बसले, मग उठून गेले.

"दाजी, एकदाचं विचारून टाका," मेहुणा म्हणतो. "मनाला खुटखुट नको."

"विचारतो."

हो म्हणाले तर प्रश्न नाही. पण नाही म्हणाले, तर पहाटेच्या त्या सजद्याचं काय करायचं, हे त्याला कळत नाही.

विचारायचं अजून राहिलं आहे.