रोखलेला हात

"ऑस्कर! ऑस्कर!" नौदलातून निवृत्त झालेल्या केळुसकरांनी ओरडत उजवा हात समुद्राकडे रोखला, तेव्हा किनाऱ्यावर कुणालाच काही कळलं नाही. पोहायला उतरलेला एक पर्यटक पाण्याच्या ओढीत सापडून आत चालला होता. लोक सैरावैरा धावत होते आणि हे गृहस्थ मात्र जागचे हलत नव्हते.

"अहो, नुसते उभे काय राहिलात? कुणाला तरी हाक मारा!" बायको ओरडली. त्यांनी मान वळवली नाही.

बेचाळीस वर्षांपूर्वी जहाजावर हाच इशारा घुमला होता. ऑस्कर, म्हणजे माणूस पाण्यात पडला. ज्याला तो दिसला त्यानं फक्त हात रोखायचा आणि नजर हटवायची नाही, एवढंच काम. रोखला होता त्यांनी हात. पण मागून साहेबांनी नाव पुकारलं आणि ते सवयीनं "येस सर" म्हणत वळले. परत पाहिलं तेव्हा नुसत्या लाटा होत्या.

आता या पर्यटकाचं डोकं लाटेआड जाई, पुन्हा वर येई. डोळ्यांत घाम उतरला तरी त्यांनी पापणी मिटली नाही. मच्छीमारांची होडी त्या हाताच्या रोखानं सरळ गेली आणि त्या माणसाला घेऊन आली. खोकत होता, पण जिवंत होता.

"अहो, मिळाला तो," बायकोनं त्यांचा दंड धरला. "आता तरी हात खाली घ्या."

समुद्रावरची नजर न काढता ते म्हणाले, "एकच मिळाला गं."