मालनबाईची हजेरी

"मालनबाई गेली," असं तलावाच्या कामावरून पळत आलेल्या माणसाने सांगितलं, तेव्हा मच्छिंद्र टँकरच्या रांगेत उभा होता. त्याने घागर तिथंच सोडली आणि तो सगळ्यांबरोबर मालनबाईच्या घराकडे धावला. पाझर तलावाच्या खड्ड्यात मुरमाची दरड कोसळली होती. कामावर दहा गावांची माणसं होती. खाली कोण सापडलं हे कळावं म्हणून मुकादमाने हजेरीपट वाचला, आणि एका नावाला कुणी ओ दिली नाही.

मालनबाईचा नवरा बब्रुवान दारातच बसला होता. खडी फोडताना त्याचा उजवा हात ठेचला होता, तो फडक्याने गळ्यात अडकवलेला होता. मच्छिंद्राने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "धीर धर, बब्रू," म्हणाला. बब्रुवान नुसता त्याच्याकडे बघत राहिला. तेवढ्यात आतून मूल रडलं. आठ दिवसांच्या पोरीला पदराखाली धरून मालनबाई उंबऱ्यात आली.

तेव्हा मच्छिंद्राला कळलं.

सलग तीन दिवस गैरहजर राहिलं की पटावरून नाव कापायचे. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर नवी नावं घेणं बंद होतं. बब्रुवानच्या घरात मालनबाईचं एकटीचं नाव उरलं होतं. म्हणून मच्छिंद्राची बायको जाईबाई आठवडाभर तिच्या जागी जात होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांत असं चालायचं. मच्छिंद्र पहिल्या दिवशी म्हणाला होता, "मुकादमानं वळखलं तर?"

"त्यो काय त्वांड बघून हजेरी लावतो व्हय? मान खाली घालून कागदाला इचारतो," जाईबाई म्हणाली होती. "बाळंतीण उठंपतुर नाव राखते तिचं."

जाईबाईला मातीखालून काढायला दुपार झाली. संध्याकाळी मच्छिंद्राने तिला अग्नी दिला.

चौथ्या दिवशी विरोधी पक्षाचे तात्याराव मोर्चा घेऊन आले. "मालनबाईचा बळी कुणी घेतला?" असं त्यांनी भोंग्यावरून विचारलं. कामावर ना इंजिनियर, ना प्यायला पाणी, सरकार झोपलंय, असं बरंच बोलले. त्यातलं पुष्कळ खरं होतं. मच्छिंद्र पुढे गेला. "सायेब, मालनबाई न्हवं," एवढंच तो बोलू शकला. एका कार्यकर्त्याने त्याला हाताला धरून बाजूला केलं. "भाषण होऊ द्या की, मग बोला."

भाषण झाल्यावर मोर्चा पुढच्या गावाला गेला.

दोन दिवसांनी सत्तेतले आण्णासाहेब जीपमधून आले. "दुष्काळ काय आमी आणला व्हय?" म्हणाले. त्यांनी मालनबाईला पोरीसकट जीपजवळ उभं केलं. "ही बघा, तात्यारावांनी मारलेली बाई. मरता मरता बाळंत बी झाली!" माणसं हसली, टाळ्या पडल्या. मालनबाई मान खाली घालून उभी होती. मच्छिंद्राने गर्दीतून हात वर केला. आण्णासाहेबांना तो हात टाळ्यांमधलाच वाटला.

मग तात्यारावांनी सरकारने प्रेत लपवलं असं म्हटलं, आणि आण्णासाहेबांनी प्रेतच नव्हतं असं म्हटलं. कोण जळालं हे मच्छिंद्राला कुणी विचारलं नाही. त्याने तालुक्याला तीन खेपा घातल्या. कामावर मेली एवढं लिहून घ्या, बाकी काही नको, असं तो प्रत्येक टेबलाला सांगत होता. शेवटी महिन्याने चौकशीला एक साहेब चावडीत आले.

त्या सकाळी मालनबाई त्याच्या दारात आली. दरडीनंतर बंद ठेवलेलं काम दुसऱ्याच आठवड्यात सुरू झालं, तेव्हापासून ती कामावर जात होती. पोरीला ती तिथं बाभळीला झोळी बांधून ठेवायची. "दादा, खरं सांगा," ती म्हणाली. "माझं नाव गेलं तर जाऊ द्या."

चावडीत साहेबांनी टोपण काढून पेन हातात घेतलं. ते चांगले होते. त्यांनी मच्छिंद्राला आधी बसायला सांगितलं.

"तुमची बायको कामावर होती, असं तुम्ही म्हणताय. तसं लिहितो. पण मग मालनबाईच्या नावावर खोटी हजेरी लागली, हेही लिहावं लागेल. ते नाव कापलं जाईल. त्या घरातलं दुसरं घेता येणार नाही. सांगा, होती का कामावर?"

मच्छिंद्र महिनाभर याच प्रश्नाची वाट बघत होता. त्याने दाराबाहेर बघितलं. तलावाच्या रस्त्याने बायका निघाल्या होत्या. मालनबाई मागे पडली होती. तिच्या डोक्यावर पाटी होती आणि पोटाशी पोरगी.

"न्हाय सायेब," तो म्हणाला. "न्हवती."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "मग पोलीस पाटलांकडं जा. घरी वारली अशी नोंद करा. अंगठा दिला की झालं."

मच्छिंद्र दोनदा गेला. पाटलांनी वही उघडली, नाव विचारलं, त्याने सांगितलं. "कुठं वारली?" पाटलांनी विचारलं. दोन्ही वेळा तो उठून घरी आला.

पुढे पाऊस झाला. तलाव भरला. दर निवडणुकीला तात्याराव तलावावर एक बाई मेली म्हणतात आणि आण्णासाहेब कुणीच मेलं नाही म्हणतात. मालनबाईचं नाव काम संपेपर्यंत पटावर राहिलं.

जाईबाईच्या मृत्यूची नोंद अजून करायची आहे.