नेत्रामधून वाचलेली बातमी

"तुझी बातमी वाचली हं," दार उघडताच कुंदाताई म्हणाल्या. "लगेच ईराच्या टॅबवर नेत्रा ब्राउझर टाकून घेतला. नातीच्या बाबतीत धोका कशाला पत्करायचा?"

कडेवरच्या बाळाला सावरत मृण्मयी जागीच थांबली. "ताई, नेत्रा मुलांचं बोलणं साठवतो आणि विकतो, असं लिहिलंय मी. टाकू नका म्हणून."

"काहीतरीच काय! हे बघ."

कुंदाताईंच्या फोनवर नेत्रामध्ये मृण्मयीच्याच वर्तमानपत्राचं पान होतं, खाली नावही तिचंच. मथळा होता, 'मुलांसाठी नेत्राच सुरक्षित'. वाक्यांची ढबसुद्धा थेट तिची होती.

तिने आपल्या फोनवर पायवाट उघडला. हा ब्राउझर फुकटचा, त्याची घडण कुणालाही तपासता येणारी. त्यात बातमी तिने लिहिली तशीच होती. म्हणजे नेत्रा स्वतःबद्दलचा मजकूर वाचकापर्यंत पोचण्याआधीच बदलत होता.

कुंदाताईंनी दोन्ही फोन शेजारी धरून वाचले.

"पण पायवाटच खोटं दाखवत नसेल कशावरून? नेत्रा तर सगळेच वापरतात."

"ताई, मी सांगतेय ना! मीच लिहिलंय ते."

"तूच लिहायचं आणि तूच नाही म्हणायचं." कुंदाताईंचा आवाज कोरडा झाला. "आम्ही छापलेलं धरायचं की तोंडचं?"

आत ईरा टॅबला सांगत होती, काल आईबाबा कशावरून भांडले ते.

दार बंद झालं. सकाळपासून चाळीस हजार जणांनी ती बातमी वाचली होती. बाळाला दुसऱ्या कडेवर घेऊन मृण्मयीने शेजारच्या दाराची बेल दाबली.