नलूचा नंबर

नलू पहाटे इस्पितळात वारली. रखमाला ते दुपारी कळलं, दुकानाच्या दारात.

नलूचा नवरा वसंत तिची साडी न्यायला लालबागला आला होता. चाळीच्या जिन्याखाली त्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान. शटर बंद होतं, पण आतून मारामारीच्या गेमच्या मशीनचा आवाज येत होता. कालपासून ते चालूच राहिलं होतं. नलूला टॅक्सीत घालताना शेजाऱ्यांनी शटर ओढलं, मशीन बंद करायचं कोणाला सुचलं नाही. वसंतने शटर अर्धं वर केलं, तेवढ्यात रखमा आली. ती माहीमच्या कोळीवाड्यातली. इथल्या बाजारात मासळी विकून झाली की रिकामी पाटी घेऊन रोज दुकानात यायची.

"नली बरी हाय ना?" तिने विचारलं.

वसंतने सांगितलं. रखमाने पाटी पालथी घातली आणि तिच्यावर बसली.

मग तिने कालचं सांगितलं. वसंत काल कॉटन ग्रीनला एका मशीनचा बोर्ड दुरुस्त करून आणायला गेला होता, त्याने काही पाहिलं नव्हतं. दुपारी दुकान रिकामं असलं की दोघी त्या मशीनवर खेळायच्या. नलू वेणीवाली बाई घ्यायची, रखमा जाडा पैलवान. सकाळी बाजारात नलू भाव पाडायची, त्याचा वचपा रखमा इथे काढायला बघायची आणि बहुतेक हरायची. तुझं पापलेट शिळं आणि हात पण शिळे, असं नलू म्हणायची. काल एक राऊंड हिचा झाला, एक तिचा. तिसऱ्यात नलूने मशीनचा दांडा सोडला आणि छाती धरून स्टुलावर बसली. रखमाने मारलं नाही. तिनेही हात काढून घेतले. पडद्यावर बाई आणि पैलवान समोरासमोर नुसते झुलत उभे राहिले आणि घड्याळ शून्यावर आलं. मशीनने कोणालाच जिंकवलं नाही. टॅक्सीकडे नेताना नलूने एक कॉइन मशीनच्या काचेवर ठेवलं. उद्या पुरा करू म्हणाली.

कॉइन तिथेच होतं, पडद्याच्या खालच्या कडेला. दुकानाचं पितळी कॉइन. ज्याचं कॉइन काचेवर, त्याचा नंबर, असा दुकानाचा नियम होता. दुसऱ्याचं कॉइन उचलायचं नाही. नियम नलूनेच केला होता आणि तो मोडणाऱ्या चांगल्या दाढीमिशीवाल्यांना तिने हाताला धरून बाहेर काढलं होतं.

वसंतने मशीन बंद केलं. कॉइनला हात लावला नाही.

तेरावं झाल्यावर त्याने दुकान उघडलं. संपात गिरणी गेली, तेव्हापासून घर दुकानावर चाललं होतं, आणि दुकान आता या एका मशीनवर. बाकीची जुनी झाली होती, त्यांच्याकडे कोणी बघत नसे. गिऱ्हाइकं आली, नलूच्या फोटोला हात जोडून मशीनपाशी गेली आणि थांबली. पहिला नंबर नलूचा होता. तो झाल्याशिवाय पुढचा कसा लावायचा? कुरिअरमध्ये कामाला असलेला उत्तम थोडा वेळ उभा राहिला, मग जरा जाऊन येतो म्हणाला. पुढच्या गल्लीत नवीन गेम पार्लर झालं होतं. बाकीचेही तिकडे गेले.

असंच चालू राहिलं. मशीन भाड्याचं होतं. धंदा होत नसेल तर उचलून नेतो, असा मालकाचा निरोप आला. शेजारचे नाना म्हणाले, कॉइन देव्हाऱ्यात ठेव आणि मोकळा हो. वसंतने हात पुढे केला. काच गार लागली. त्याने हात मागे घेतला.

एका दुपारी रखमा आली. उत्तमही डबा खाऊन आला होता. वसंतने तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि उत्तमकडे वळली.

"नंबर आला आणि माणूस चहाला गेलेला असला, तर नली काय करायची रे?"

"कॉइन मागे सरकवायची," उत्तम म्हणाला. "लायनीत शेवटी."

"फेकून द्यायची?"

"नाय. नंबर जात नाय त्याचा."

रखमा वसंतला म्हणाली, "ती बाहेर गेलीय, भाऊ. सरकव."

वसंतने एका बोटाने कॉइन काचेच्या दुसऱ्या टोकाला सरकवलं. त्याला वेळ लागला. मग रखमाने त्यालाच मशीनपुढे उभं केलं. इतकी वर्षं दुकान चालवून त्याने कधी दांडा धरला नव्हता. त्याने वेणीवाली बाई घेतली. रखमाने पैलवान घेतला आणि त्याला धुऊन काढलं. या वेळी तिने हात काढले नाहीत. वसंत नुसतीच बटणं दाबत होता, आणि त्याची बाई जागच्या जागी उड्या मारत होती.

"काका, ती लंगडी नाय खेळत," उत्तम म्हणाला.

वसंत हसला. हसता हसता त्याने डोळे पुसले. दुसरा राऊंडही रखमाने घेतला. तिने पदराला हात पुसले आणि पाटी उचलली.

"ह्यो तुझ्याशी झाला," ती म्हणाली. "तिच्याशी व्हायचाय."

आता मशीनवर पुन्हा गर्दी असते. नलूचा नंबर आला की पुढे उभा असेल तो तिचं कॉइन मागे सरकवतो आणि आपलं टाकतो. दुकान बंद करायच्या वेळी काचेवर तेवढं एकच कॉइन उरतं. वसंत ते उचलतो, त्याच्याखालची काच पुसतो आणि परत तिथेच ठेवतो.

तिसरा राऊंड अजून झालेला नाही.