काळी पाच

"आजी, पेटीचं लगेज फाडावं लागंल," कंडक्टर म्हणाला.

साखरबाईंनी पायाशी ठेवलेली बाजाची पेटी उचलली आणि थेट मांडीवर घेतली. "घ्या. आता हे मांडीवरचं लेकरू झालं. लेकराला कसलं आलंय तिकीट?"

अख्खी एस.टी. हसली. कंडक्टरनंही हसत मतदानाचं कार्ड बघितलं आणि शिरूरचं हाफ तिकीट तेवढं फाडलं. जीपवाले हाफ मानत नाहीत, म्हणून तर बाई चौफुल्याला दीड तास उन्हात ताटकळल्या होत्या.

पेटी भलतीच जड. न्हावरा येईस्तोवर मांडीला रग लागली. पदराचं टोक बोटाला गुंडाळता गुंडाळता बाई गुणगुणायला लागल्या.

"गाणं म्हणताय व्हय, मावशी?" शेजारीण म्हणाली.

"न्हाई गं बया! तोंडाला खोड हाय. हात कामात असला, न्हाईतर जीव घाबरा झाला, की आपसुक चालू हुतंय. माझं मलाबी कळत न्हाई."

"आन् पेटी कुणाची?"

"मालकांची. त्यांना जाऊन वरीस झालं. मी आता दौंडला लेकाकडं चालले ऱ्हायला. रविराजची एकच खोली. सून म्हणली, आत्या, तुमाला जागा करते, पर पेटीला कुठनं करू? तिचंबी खरंच हाय. म्हणून आधी ही शिरूरला इकायला निघाले."

"जीव तुटत आसंल."

"तुटून सांगती कुणाला?" बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

बाईंचा नवरा हौशीराम केडगावच्या सोसायटीत राखणदार होता. माणूस सरळ, पण तोंडाला कुलूप. दर गुरुवारी पेटी घेऊन पारगावला भजनाला जायचा, तो उजाडता परत. बाकीचे दिवस घरी. दिवस कलता बाईंनी चूल पेटवली, की याची बाहेरच्या खोलीत पेटी उघडलीच. पाहुणा असो, ताप असो, त्यात खाडा नाही. कधी ऐकावं म्हणून बाई घडीभर थबकल्या, की बाहेरून आवाज यायचा, "थांबू नगं."

भुकेला नुसता उतावीळ! बाई परत भाकरी थापायला घ्यायच्या. चाळीस वर्षांत एकदा, नुसतं एकदा, भाकरी बरी झाली म्हणाला असता तर याचं काय जाणार होतं? पण नाही.

शिरूर स्टँडच्या मागच्या गल्लीत सुभानभाईंचं दुकान. पेट्या दुरुस्त करायच्या, जुन्या घेऊन नव्या हाताला द्यायच्या, हाच त्यांचा पिढीजात धंदा. त्यांनी झाकण काढलं, धूळ फुंकली, चष्मा नाकावर ओढला आणि एकेका सुरावरून बोट फिरवलं. मग परत फिरवलं.

"बाई, मालक कुणाच्या साथीला वाजवायचे?"

"भजनाच्या. सगळे बाप्येच."

"न्हाई." सुभानभाईंनी मान हलवली. "भजनाची झीज हाय थोडी, ही बघा, काळी एकच्या आसपास. बाप्ये तिथंच गात्यात. पर खरी झीज हिकडं हाय. काळी पाच. बोटाचा खड्डा पडलाय बघा! ही बाईची पट्टी. आन् दहा जणींची न्हाई, एकीचीच. रोजची. वर्सानुवर्सं एकाच गळ्यामागं हिंडल्याली पेटी हाय ही. वा! अशी पेटी हाताखालनं लई कमी जाती."

हाडाचा कारागीर. कौतुकाच्या भरात त्याला समोरच्या बाईचं तोंड दिसलं नाही.

बाईंना रडू आलं नाही, संताप आला. गुरुवार! पारगावची वाट चौफुल्यावरूनच जाते आणि चौफुल्याला तमाशाची थेटरं आहेत. रस्त्यावर उभं राहिलं तरी आतली घुंगरं ऐकू येतात. गावातल्या बायका आडून आडून बोलायच्या, तेव्हा याच बाई त्यांच्या अंगावर धावून गेल्या होत्या. आणि रोज घरी बसून वाजवायचा तेसुद्धा तिच्यासाठीच घोटायचा तर! माझ्याच उंबऱ्याच्या आत! आणि मी मेली धुरात डोळे फोडून त्याच्या भाकऱ्या भाजत होते.

"सुभानभाई, कोण आसंल ती?"

"झिजीवर नाव कुठं असतं, बाई?"

"जित्ती आसंल का?"

"आता ते मी कसं सांगू?"

"मग ठिवून घ्या ही. फुकट घ्या. चुलीत घातली तरी चालंल. माझ्या डोळ्यांपुढं नको."

सुभानभाई चपापले. आपलं काय चुकलं ते त्यांना उमजेना. "आवं, आसं काय करता? निदान भाता तरी बघू द्या. तुमची परतीची गाडी दीडला हाय. तवर टेका जरा."

बाई फळीवर टेकल्या, पेटीकडं पाठ करून. वाटेत खायला घेतलेल्या शेंगा पिशवीतच होत्या. त्या ओच्यात घेऊन बाई फोडायला लागल्या. दाणे तोंडात जात नव्हते, नुसतीच टरफलं पडत होती. माणूस गेला तेव्हासुद्धा इतकं एकटं वाटलं नव्हतं. घर त्याचं केलं, पोर त्याचं वाढवलं, आणि सूर दुसरीचा.

मागं भात्यानं दोनदा श्वास घेतला. पेटी वाजली. आधी चाचपडत, मग नेमकी. नेमकी तीच, चुलीपाशी ऐकू यायची ती. तशीच मागं मागं येणारी, कुठं पुढं न जाणारी.

त्यांचा हात थबकला. ओठ मिटले. तेव्हा त्यांना कळलं, की आपण मघापासून गुणगुणत होतो.

पेटीही थांबली.

बाईंनी वळून पाहिलं. सुभानभाईंची मान खालीच होती, बोट काळी पाचवर.

"थांबू नका, बाई," ते म्हणाले.