छातीवरचा चौकोन

कोचबाईंनी शर्ट झटकून काउंटरवर पसरला. गडद तांबडा शर्ट, छातीवर पांढरा सात. आकडा सुबक, कडा स्वच्छ. पण आकड्याभोवती एक चकचकीत चौकोन उमटला होता, गळ्याच्या शिवणीपासून थेट पोटापर्यंत, कुणी गरम तवा टेकवल्यासारखा.

"हे काय?" त्यांनी विचारलं, आणि विचारलं ते धाकटीला.

दुकान दोघा भावांचं. शर्टांवर आकडे चिकटवायची गरम प्रेस मात्र धाकट्याची बायको चालवायची, आणि तिला घरात आणि बाजारात सगळे धाकटीच म्हणायचे. ऑर्डर देताना कोचबाईंनी तिला एवढंच विचारलं होतं, "तुमच्याच हातून होणार ना?" आणि तिने छातीठोकपणे सांगितलं होतं, "माझ्याच हातून."

तिने दुसरा शर्ट उघडला. तिसरा. मग पुढचे उघडायची गरज राहिली नाही. बावीसच्या बावीस तसेच असणार.

असल्या पातळ, चमकऱ्या कापडाला प्रेसच्या तापलेल्या पाटीची कड लागली की डाग पडलाच. म्हणून तिने फोमची उशी करून ठेवली होती. उशी शर्टाच्या आत सरकवायची, म्हणजे आकड्याची जागा तेवढी वर उचलली जाते आणि शिवणी, गळा, कडा पाटीपासून लांब राहतात. दर शर्टाला अर्धं मिनिट जास्त लागतं. ते अर्धं मिनिट धाकटीने आजवर एकाही शर्टाचं खाल्लं नव्हतं.

पण काल ती दोन तास मुलीच्या शाळेत गेली होती. परत आली तर प्रेस बंद, गठ्ठा सुतळीने बांधलेला, आणि मोठे दीर आपल्या नव्या, जाड फोमच्या खुर्चीत रेलून बसलेले. "उरकून टाकलं बघ," ते म्हणाले होते. "तू असतीस तर दिवसभर घोळ घातला असतास."

"उशी घातली होती ना, भाऊजी?"

"हो हो."

त्या दोन हो-होंवर तिने विश्वास ठेवला आणि सुतळी सोडून पाहिली नाही. आता तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटत होती.

"बाई, माफ करा हं," भाऊजी खुर्चीतूनच म्हणाले. उठायचीही तसदी घेतली नाही त्यांनी. "आमच्या धाकटीला घाई फार. मी सारखा सांगत असतो, सावकाश कर, सावकाश कर."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस इतका शहाजोग असू शकतो, आणि तोही फिरत्या खुर्चीत बसून.

"चार वाजता फायनल आहे," कोचबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच लागत होता. "पोरी पहिल्यांदा इथवर आल्यात. त्यांना हे घालून उतरवू?"

"याच रंगाचे कोरे शर्ट आहेत माझ्याकडे. तीन वाजता मैदानावर आणून देते."

"पुन्हा असेच?"

"नाही."

तिने प्रेस चालू केली आणि उशी काढायला खुंटीकडे हात नेला. खुंटी रिकामी. टेबलाखाली पाहिलं, फळीवर पाहिलं, रद्दीची पोती हलवली.

"भाऊजी, उशी कुठाय?"

"कुठली उशी?" म्हणत तेही शोधायला पुढे वाकले, अगदी मनापासून. आणि त्यांच्या पाठीमागे ती दिसली. निदान अर्धी तरी. उरलेली अर्धी खुर्चीच्या हातावर सुतळीने बांधली होती, कोपर टेकायला. मधोमध कापलेली. वरच्या खाकी आवरणाला धाकटीने घातलेली पिवळी टीप दोन्हीकडे लोंबत होती.

कोचबाईंनीही पाहिलं. "ते काय असतं?"

"ते शर्टाच्या आत घालायचं असतं," धाकटी म्हणाली. "डाग पडू नये म्हणून."

"अगं, कमरेला आधार नको?" भाऊजी म्हणाले. "फोमचा तुकडा तर आहे. नुसता लटकत होता."

"शर्ट कुणी केले, भाऊजी?"

"आता कुणी केले याला काय अर्थ आहे? घरातलं घरात..."

"बाईंना सांगा."

भाऊजींनी कोचबाईंकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आपल्या चपलांकडे पाहिलं. चपलांकडून काही मदत मिळेना.

"मीच केले," ते म्हणाले. "हिला मदत म्हणून."

ते ऐकून राग निवेल असं धाकटीला वाटलं होतं. निवला नाही. मदत म्हणून, म्हणे. कोचबाईंनी मात्र कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्या प्रेससमोर बसल्या. "मी आहे इथेच," त्या धाकटीला म्हणाल्या. "गळे सरळ करून देते."

प्रेस तापत आली होती. दोन अर्धुकं जोडून चालणार नव्हतं, मधला सांधा आकड्यावर उमटला असता. उशी अखंडच हवी. फोम घट्ट हवा, चार बोटं जाड हवा.

धाकटीने दुकानभर नजर फिरवली आणि ती एका जागी थांबली. मग तिने टेबलावरची मोठी कात्री उचलली, गळ्यातली टेप काढली आणि भाऊजींसमोर जाऊन उभी राहिली.

"उठा," ती म्हणाली. "खुर्चीचं माप घ्यायचंय."