नूरीचं शेवटचं पान

ऋतुजा वाचायला तोंड उघडणार, तेवढ्यात वहिदानं उठून तिच्या हातातला माईक काढून घेतला. हिसकावला नाही, पण मागूनही घेतला नाही. निवेदनासाठी आणलेली ती पोर बिचारी बघतच राहिली. पहिल्या रांगेत हरिओम सरांच्या कपाळावर आठी पडली.

"पुस्तक माझं हाय," वहिदा म्हणाली. "मीच वाचणार."

सभागृहात कुणीतरी फिस्सकन हसलं. हसणारच. तो आवाज कधी किंचाळल्यासारखा वर जायचा, कधी घोगरा होऊन घशातच बसायचा. तीन वर्षांची असताना तापात वहिदाचे कान गेले. आपला आवाज कसा आहे हे तिला ठाऊक नव्हतं आणि त्याची लाजही नव्हती. 'नूरीची हाक' हे लेकरांचं चित्रपुस्तक तिनंच लिहिलेलं, तिनंच रंगवलेलं. ऐकू न येणाऱ्या नूरीची गोष्ट. ते घेऊन ती गावोगाव फिरत होती. इस्लापूरच्या शाळेत पोरं आधी खिदळली, मग चिडीचूप बसली. भोकरच्या बाजारात एका पोरीनं तोंडावरच विचारलं, तुमचा आवाज असा कसा हो? वहिदानं तिचे ओठ वाचले आणि म्हणाली, मला काय माहीत, तूच सांग कसा हाय. पोरीनं विचार करून सांगितलं, बिनतेलाच्या बैलगाडीवानी. त्यावर सगळ्यांत जास्त वहिदाच हसली.

लातूरचा कार्यक्रम मात्र हरिओम सरांच्या क्लासमध्ये होता. सरांचा क्लास म्हणजे काय विचारता! चौकाचौकात फलक, फलकावर डॉक्टर व्हायला निघालेली पोरं, आणि त्यांच्या वर सर. सरांनी सभागृह दिलं, चहा दिला, फोटोवाला दिला. फक्त एक अट घातली. मोठमोठे पालक येतात, तुम्ही स्टेजवर नुसतं बसा, वाचायचं काम ऋतुजा करील, तिचा आवाज गोड हाय. सरांच्या झुपकेदार मिशांमुळे ओठ धड दिसत नव्हते, तरी एवढं वहिदानं बरोबर वाचलं. तिनं नुसती मान हलवली. पण शेवटचं पान वाचायचं तर इथंच, याच माणसासमोर आणि आपल्याच तोंडानं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

थोड्या वेळापूर्वीच सरांनी आपलं ठरलेलं भाषण केलं होतं. लातुरात ते कुणाला पाठ नाही? क्लासच्या पत्रकातही ते छापलेलं असतं, वहिदानं तिथंच वाचलेलं. भूकंपात घराचं मातीचं छत, माळवद, कोसळलं आणि बारा वर्षांचं पोर ढिगाऱ्याखाली गाडलं गेलं. "दिवसभर ओरडत राहिलो," सर म्हणतात. "वरून कुणी ओ देईना, तरी थांबलो नाही. थांबलो असतो तर आज तुमच्यासमोर नसतो." या वाक्यावर दरवर्षी टाळ्या पडतात, आया डोळे पुसतात आणि दुसऱ्या दिवशी प्रवेशाला रांग लागते. आजही टाळ्या पडल्या. वहिदाच्या डोक्यात तिडीक गेली ती तेव्हाच.

तिनं माईक स्टँडला लावला आणि आधी शेवटच्या रांगेकडं बोट केलं. मूकबधिर शाळेतली लेकरं तिथं कोंबली होती. ऐकूच येत नाही, मग पुढं कशाला बसवायची, असा तिथल्या शहाण्यांचा विचार! अरे, ज्यांना कान नाहीत ती डोळ्यांनीच ऐकणार ना? वहिदानं लेकरांना पुढं बोलावून स्टेजसमोर सतरंजीवर बसवलं. मग हातांनी खुणा करत ती वाचायला लागली.

पानं पडद्यावर सरकत होती. नूरी बांगड्यांच्या दुकानात. नूरी शेळीच्या मागं. हळूहळू हसणं थांबलं. मग शेवटचं पान आलं. पडलेल्या माळवदाखाली दोन पोरं, आणि फटीतून त्यांच्या तोंडावर आलेला थोडा उजेड. शेजारच्या घरचा पोरगा ओठ मिटून पडलेला. नूरीचं तोंड मात्र सताड उघडं.

"वरून कुणी ओ देईना, म्हणून पोरगा गप झाला," वहिदानं वाचलं. "नूरी ओरडतच राहिली. तिच्या आवाजावर माणसं आली. त्यांनी दोघांनाबी काढलं."

हरिओम सरांचा चेहरा पांढराफटक पडला. ढिगाऱ्याखाली त्यांच्या शेजारी अडकलेल्या त्या पोरीला गावात नावानं कुणी हाक मारतच नव्हतं. बांगड्या विकणाऱ्या मन्याराची मुकी, बस्स. भूकंपानंतर ती नांदेडला मामाकडं गेली आणि तिथंच बोलायला शिकली. स्टेजवरची लेखिका म्हणजे तीच, हे सरांना आत्ता उमगलं. त्यांनी माईकवाल्याकडं बघून हात उडवला. माईकवरचा दिवा विझला. मागच्या लोकांनी कानांमागं हात धरले. वहिदाला दोन्ही दिसलं. तिनं स्टँड बाजूला सारला, पोटातून आवाज काढला आणि तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

सर तरातरा स्टेजवर चढले आणि ओठ दिसावेत म्हणून तिच्या अगदी पुढ्यात उभे राहिले. "माईक बंद झालाय, बाई," ते म्हणाले. "कुणालाच ऐकू येईना. बसा आता."

वहिदानं पुस्तक मिटलं नाही. शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात ती म्हणाली, "तवाबी वरून कुणी ओ देत नव्हतं, हरिओम. तुला ते कळलं, म्हणून तू गप झालास. मला ऐकूच येत नव्हतं, म्हणून तर आपण दोघंबी जिवंत हाओत."